पाठमोरी आई

"मग ती पुसायची कशी?"

विचारून झाल्यावर केतकीला स्वतःचाच आवाज परका वाटला. शास्त्रज्ञ बाईचा प्रश्न तो राहिलाच नव्हता. कुणाच्या तरी दारात पदर पसरल्यासारखा झाला होता.

जाम्पा लामांनी किटली उचलली आणि तिच्या वाटीत लोण्याचा खारा चहा पुन्हा काठोकाठ ओतला.

"काय पुसायचं, बाई?"

"भीती. रक्तातली."

"चहा पी."

"लामाजी, मी चहा प्यायला नाही आले."

"दिसतंच आहे. काढा घेतल्यासारखा घेतेस."

केतकी चौबळ मोठी शिकलेली होती. गोंदियाकडच्या जंगलात, धानाच्या बांध्यांना लागून, तिबेटातून जीव घेऊन पळालेल्या लोकांची वसाहत आहे. तिथं ती दोनेक वर्षं येत होती. आजे, त्यांची मुलं, नातवंडं, सगळ्यांची थुंकी बारक्या नळ्यांत भरून नेई आणि प्रयोगशाळेत तपासत बसे. जिवावरच्या भीतीतून माणूस गेला की त्याच्या जीनवर खुणा उठतात का, आणि त्या खुणा लेकरांच्या अंगात उतरतात का, हे तिला शोधायचं होतं. आणि तेवढंच भोगून काही माणसं ताठ कशी उभी राहतात, तेही.

वसाहतीतली पोरं तिला थुंकीवाली बाई म्हणत. तिला राग येत नसे. उलट वाटे, यांच्या दुःखातलं मला जेवढं कळतं तेवढं यांनाही कळत नाही.

मग एकदा, यंत्र नीट चाललंय का ते बघायला म्हणून, तिनं स्वतःचीच थुंकी तपासली.

खुणा निघाल्या.

तिची आजी फाळणीच्या वेळी कराचीहून बोटीनं आली होती, अंगावरच्या कपड्यांनिशी. पुढं मुंबईत घरदार झालं, सुना-नातवंडं झाली, तरी म्हातारी मरेपर्यंत उशाशी कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवायची. न जाणो, केव्हा उठावं लागेल. घरातले सगळे तिला हसायचे. केतकीही हसायची.

आता हसू येत नव्हतं. आता घरात तान्ही होती. भांडं पडलं की जुई दोन्ही हात हवेत टाकून दचकायची आणि केतकीच्या काळजात धस्स व्हायचं. ती झोपली की केतकी तिच्या नाकापाशी बोट धरून बसायची. श्वास लागला की जीव भांड्यात पडायचा, आणि लगेच वाटायचं, हे मीच हिला देतेय. दुधातून, हातातून, बघण्यातून. थेंब थेंब.

म्हणून ती आज नळ्या न घेता आली होती. आणि पोरीला घेऊन आली होती.

"तुमच्या रक्तात तर सगळ्यांपेक्षा जास्त खुणा आहेत," ती म्हणाली. "तरी तुम्ही भीत नाही. गेल्या उन्हाळ्यात वसाहतीत अस्वल शिरलं तर अख्खं गाव छपरावर चढलं. तुम्ही पायरीवर शेंगा सोलत बसला होतात."

"गुडघे दुखत होते. छपरावर चढवलं असतं कुणी?"

"थट्टा नको, लामाजी."

"थट्टा नाही. गुडघे खरंच दुखतात."

चटईच्या पार त्या टोकाला जुई बसली होती. नुकती बसायला शिकलेली, म्हणून जरा डुलत होती. ती आईकडे बघून हसली. केतकीनं मान फिरवली आणि खिडकीबाहेरच्या वाळत घातलेल्या स्वेटरांकडे बघू लागली.

लामांनी ते पाहिलं.

"पोट्टी तुझ्याकडे बघते, तू खिडकीकडे बघतेस."

...

"खिडकीत काय आहे?"

"काही नाही," केतकी म्हणाली. "उद्या तिला अकोल्याला जाऊबाईंकडे ठेवणार आहे. त्या धीराच्या आहेत. त्यांच्याजवळ वाढली तर... माझी सावली तरी पडणार नाही. घरात सगळे म्हणतात मला वेड लागलंय. तुम्ही फक्त एवढं सांगा, भीती पुसता येते. मग नाही ठेवत."

"आणि नाही पुसता आली तर?"

"तर सकाळची गाडी आहे."

बाहेर कुणीतरी कुत्र्याला हाकललं. लामांनी अंगावरची लाल शाल सारखी केली.

"आम्ही निघालो तेव्हा मी लहान होतो," ते म्हणाले. "बर्फातून चालायचं. मागं शिपाई. आईनं मला पाठीला बांधलं."

"भीती वाटली असेल."

"मला वाटलं, आईला विचारावं. भ्यायचं का, नाही भ्यायचं? म्हटलं, आई, इकडे बघ. बघितलं नाही तिनं. पुन्हा म्हटलं. नाही बघितलं. तिचं तोंड मी बघू नये, अशी तिची इच्छा. चांगली इच्छा होती. माझ्यासाठीच होती."

"मग?"

"मग काय. सगळा डोंगर आईची पाठ बघत उतरलो. पाठीवर काय लिहिलेलं असतं? मी आपलं मनानंच वाचत गेलो, वाईटातलं वाईट."

...

केतकीला वाटलं, काहीतरी जवळ आलं होतं आणि हातातून निसटलं. ती विचारणार, एवढ्यात पलीकडच्या टेकडीवरून भोंगा वाजला.

केतकी दचकली. "हे काय?"

"गिट्टीची खाण. दुपारी सुरुंग लावतात. आधी भोंगा, मग थोडा वेळ काही नाही, मग धडाम."

"केव्हा?"

"त्यांच्या मनात येईल तेव्हा."

भोंगा थांबला. स्वेटर हलेनासे झाले. कुत्रंसुद्धा गप्प झालं.

केतकी उठली. पोरीला उचलून बाहेर न्यावं. दोन पावलं गेली आणि थबकली. या हातांनी आता हिला धरलं तर सगळं हिच्यात जाईल. नाही धरलं तर एवढासा जीव चटईवर एकटा. पुढं जाववेना, मागं येववेना. जुई तिच्याकडे बघत होती, दोन्ही हात वर करून.

"लामाजी, तुम्ही घ्या. तुम्ही घ्या तिला."

लामा कण्हत उठले, गुडघ्यावर हात टेकून, आणि जुईला उचलून परत आपल्या जागी बसले. मांडीवर तिला समोरासमोर बसवलं. तिनं त्यांच्या गळ्यातली माळ धरली.

...

...

सुरुंग उडाला.

खिडकीच्या काचा खडखडल्या. भिंतीवरच्या बुद्धाच्या चित्रामागून माती सांडली, वाटीतला चहा चटईवर उडाला. केतकीनं कान झाकले, डोळे गच्च मिटले आणि तशीच भिंतीला टेकून खाली बसली. आता जुई रडेल. आता टाहो फोडेल.

रडणं आलं नाही.

तिनं डोळे उघडले. जुईचे दोन्ही हात हवेत होते, ओठ खाली मुडपलेले. रडण्याच्या अगदी काठावर पोर थांबली होती आणि वर लामांच्या तोंडाकडे बघत होती. टक लावून.

लामांनी भुवया उचलल्या. बाजारातून आलेल्या माणसाला विचारावं, काय, गर्दी होती का, तसं तोंड केलं.

जुईचा ओठ थोडा वेळ तसाच राहिला. मग सरळ झाला. तिनं माळेचा मणी तोंडात घातला आणि चोखू लागली.

केतकी गुडघ्यांवरच पुढं आली.

"बघितलंत? हेच म्हणतेय मी. हेच. एवढा आवाज झाला आणि तुमचं काही हललंसुद्धा नाही. ते काय आहे तुमच्यात? मी पुन्हा तपासते. थुंकी द्या, रक्त द्या, काय हवं ते द्या. सापडलं तर हिच्यासाठी..."

लामांनी तिचा हात धरला. शालीच्या आत ओढला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला.

आत म्हाताऱ्याचं काळीज फडफडत होतं. मुठीत धरलेली चिमणी जशी सुटायला धडपडते, तसं. ठोक्यावर ठोका चढत होता. बरगड्या पातळ होत्या, वाटलं, आता हे फुटून हातात येईल.

केतकीनं हात मागं घ्यायला पाहिलं. लामांनी घेऊ दिला नाही.

...

"तुम्ही... तुम्ही तर माझ्याहून..."

"हो."

"रोज?"

"खाण निघाल्यापासून रोज. त्याच्याआधी ढग गडगडला की." लामा हे जुईकडे बघत, अंगाई म्हणावी तशा सुरात सांगत होते. "काही पुसलं-बिसलं गेलं नाही, बाई. आहे तिथंच आहे."

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्याच्या आधारानं आलो तो खांबच पोकळ निघावा, तसं झालं. उद्याची गाडी तिला दिसू लागली, फलाट दिसला, जाऊबाईंच्या कडेवरून मागं वळून बघणारी जुई दिसली. हाताखाली ते काळीज अजून उडत होतं. तिनं वर बघितलं. त्याच माणसाचं तोंड, सुरकुत्यांतून मिस्कील, भुवया अजून जराशा वरच.

खाली छाती, वर तोंड. तिला मेळ बसेना.

"मग... मग तोंडावर भीती कशी नाही दिसली?"

लामांनी जुईच्या तोंडातून मणी हळूच काढला. तिला उचललं आणि केतकीकडे तोंड करून बसवलं.

"ती बघत होती ना."