बदलीचा डबा

इंजिनं कोळशावर धावत होती त्या काळची गोष्ट. लांब पल्ल्याच्या एका गाडीला बैठकीचा डबा होता. प्रवासी तिथल्या वेताच्या खुर्च्यांवर चहा पीत गप्पा मारत. एकदा तो दुरुस्तीला कारखान्यात गेला आणि त्याच्या जागी तिथलाच एक बदलीचा डबा लागला. त्याच्यात नुसती लाकडी बाकं होती.

"बाकं आणलीत! शाळा भरवणार की काय?" मागचे डबे हसले.

शेजारच्या स्वयंपाकाच्या डब्याने तर मधलं दारच लावून घेतलं.

"दादा, दार उघडा की. माझ्याकडची माणसं चहासाठी खोळंबलीत."

"तू चार दिवसांचा पाहुणा. आमचा दोस्त परत आला, की दार उघडेल. कारखान्यात दिसला असेल ना तुला? बरा आहे ना?"

बदलीचा डबा "आराम करतोय," एवढंच म्हणाला.

चहा मिळेना, तसं त्याच्यात कुणी बसेनासं झालं. रिकामा डबा ओढायचा कशाला, म्हणून एका जंक्शनवर त्याला गाडीतून काढायचं ठरलं. साखळ्या सुटत असताना तो म्हणाला, "दादा, तुमचा दोस्त आता येणार नाही. मी निघालो, तेव्हा त्याला मोडायला घेतलं होतं. तुम्ही इतकी वाट बघत होता, मला सांगवलं नाही."

बऱ्याच वेळाने स्वयंपाकाच्या डब्याने दार उघडलं. तोवर बदलीचा डबा दूरच्या रुळावर जाऊन उभा राहिला होता, आणि इतक्या लांबून हाक पोचत नव्हती.