साळू नावाचं कुणी नाही

फार फार मागची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात नवी सून चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. ओसरीवर सासूबाई शेजारणीला हळूच सांगत होत्या, "पैलतीरची असली तरी पोर गुणाची आहे हो. नावासकट आपली करून टाकली. आता तिच्यात तिकडचं काही उरलं नाही."

सुनेने ते ऐकलं आणि भाकरी उलटली.

माहेरी तिचं नाव साळू. लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहिलं गेलं, कीर्तिमती. एवढं लांब, की हाक पुरी होईपर्यंत तिचं निम्मं काम उरकायचं. जुनं नाव काय होतं, हे सासरी पुन्हा कुणी विचारलं नाही.

तिला एका गोष्टीचं नवल वाटे. माहेरी असताना ती ऐलतीरावर राहायची आणि हे गाव पैलतीर होतं. ती नावेत बसून इकडे आली, आणि नदी जागची न हलता तीरांची नावं मात्र बदलली.

त्या वर्षी गावाच्या अंगात काहीतरी शिरलं. चौकात नगारा वाजू लागला. "ऐलतीर ऐलकरांचा! पैलकराला थारा नाही!" पोरं ओरडत. पलीकडूनही आरोळी येई. ती कान देऊन ऐके. शब्द तेच होते.

मग नावा बंद झाल्या. तिचा नवरा वरच्या घाटावर पहाऱ्याला गेला. धाकटा दीर मित्रांसोबत भाले घेऊन गावच्या घाटावर बसू लागला.

पंचमी तोंडावर आली. पहिल्या पंचमीला भाऊ न्यायला येतो. तिचा भाऊ लग्नाच्या वेळी दूरदेशी होता. त्याला इथे कुणी पाहिलं नव्हतं, आणि तिचं नवं नाव त्याला ठाऊक नव्हतं. पण तो येणार, पोहत का होईना, हे ती जाणून होती.

"सासूबाई, माझा भाऊ..." ती एकदा म्हणाली.

"या दिवसांत तिकडचा विषय काढू नये, कीर्तिमती," सासूबाई मायेनेच म्हणाल्या.

पंचमीच्या सकाळी दीर हसत घरात आला. भाल्याचं टोक ओलं होतं.

"आई, एक हेर टिपला! विचारलं, कुणाकडे आलास? तर म्हणे, साळूकडे!"

"साळू?" सासूबाई म्हणाल्या. "या नावाचं आपल्यात कुणी नाही."

"तेच आम्ही म्हटलं. एकजण म्हणाला, साळुंकीला भेटायला आला असेल! हसून हसून पुरेवाट झाली. तो पुढे काहीतरी सांगत होता, पण ऐकतंय कोण?" त्याने एक भिजलेलं गाठोडं तिच्यापुढे टाकलं. "घ्या वहिनी, तुम्हाला पंचमीची भेट."

गाठोड्यात लाह्या होत्या, आणि हिरव्या बांगड्या. एक फुटली होती. उरलेल्या तिने हातात चढवल्या. त्या अगदी मापात बसल्या.

सासूबाई त्या हाताकडे बघत राहिल्या.

पुढे त्या घरात पंचमी कधी झाली नाही. कीर्तिमती या हाकेला कुणी ओ दिली नाही. त्या सकाळी मात्र ती सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाली, "भावजी, साळू मी."

लहानांनो, थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला परका म्हणून मारतो, त्याची वाट आपल्याच घरात कुणीतरी पाहत असतं.