निळाईचं पाणी कुणाचं?

निळाई नावाची एक इवलीशी, निळीशार नदी होती. तिच्या अल्याड एक राज्य, पल्याड दुसरं. एकदा पल्याडच्या राजाने कुणाला न विचारता बांध घातला आणि सगळं पाणी आपल्याकडे वळवून घेतलं.

अल्याड तुळसा राहायची. आई अंथरुणाला खिळलेली, घरातलं मडकं कोरडं. तुळसा रोज नदीची वाळू उकरून वाटी-वाटीने पाणी भरायची. मान वर केली की समोर पल्याड हंसा नावाच्या मुलीची बाग. गुलाबी कमळं, पोपटी गवत, थुईथुई कारंजं! हंसा तिच्याच वयाची. तुळसाचा नुसता जळफळाट व्हायचा. ‘तिलाच का एवढं?’

एका सकाळी वाळूत सोनेरी पंखांचा एक चतुर तडफडत होता. तुळसाने भरलेली वाटी त्याच्यावर रिकामी केली. झगमग झगमग! चतुराची झाली चिमुकली परी, पंखांवर चांदणचुरा.

“दोन वर देते, बाळ. पण ऐक हं. एकटीने मागितलेलं पाणी दुसऱ्या कुणाचं तरी जाईल. दोन्ही काठांनी मिळून मागितलंत, तर कुणाचंच जाणार नाही.”

तेवढ्यात पल्याड हंसा कारंज्याखाली गिरकी घेऊन हसली. तुळसाच्या तोंडून निघून गेलं, “मला तिचं पाणी हवं!”

खळखळ, खळखळ! पाणी अल्याड आलं. तुळसाने हंसाकडे बघून नाक मुरडलं. दोन दिवस तिला भारी गोड वाटलं. तिसऱ्या दिवशी बघते तर कमळांनी माना टाकलेल्या आणि हंसा वाळू उकरतेय. बोटं सोलून लाल झालेली.

तुळसाने हातातली वाटी खाली ठेवली. ती धावत पल्याड गेली.

“हंसा, तुझं पाणी मी नेलं. मला तुझा फार हेवा वाटायचा गं.”

हंसाचे डोळे भरले. “आणि आता मला तुझा वाटतोय.”

परीचा दुसरा वर अजून उरला होता. मग दोन्ही काठांना बोलवायला दोघी दारोदार फिरल्या. कोळी आले, माळी आले, धोबिणी आल्या, कुंभारीण आली. नदीच्या मधोमध वाळूत सगळे बसले. केवढं भांडण झालं! “आधी आमची शेतं!” “आणि आमची गुरं?” राजांचे शिपाई हाकलायला आले, पण एवढी माणसं पाहून भाले ठेवून तेही बसले. उन्हं कलता कलता ठरलं. सकाळी पाणी अल्याड, दुपारी पल्याड, आणि माशांसाठी एक धार कायमची. सगळ्यांनी हात जोडून एका सुरात परीकडे तेच मागितलं.

बांधाला दोन इवली इवली दारं उघडली. निळाई हसत, उड्या मारत आली. दोन्ही राजे बघतच राहिले. रयतेचं म्हणणं मोडायची त्यांची छाती झाली नाही.

परी तुळसाच्या कानाशी आली. “चूक कबूल करायला फार मोठं मन लागतं, बाळ. ही माझी भेट.”

तुळसाने वळून पाहिलं. आई स्वतःच्या पायांनी चालत काठावर येत होती.

“आई!” ती ओरडली. परी तेवढ्यात सोनेरी, जांभळ्या, रुपेरी उजेडात विरघळून गेली, आणि तो उजेड दोन्ही काठांवर सारखाच सांडला.