दिगंबरशेठचा प्रेमाचा हार

बार्शीचे सराफ दिगंबरशेठ दर व्हॅलेंटाइन डेला दुकानापुढे मांडव घालत आणि माइकवरून प्रेम जाहीर करून बायकोच्या, नलिनीबाईंच्या, गळ्यात सोन्याचा हार घालत. टाळ्या पडत, बघणारे नवरे खिसे चाचपत, आणि मांडव उतरायच्या आत हार शोकेसमध्ये परत जाई. पहिल्या वर्षी नलिनीबाई खरोखर लाजल्या होत्या. सहाव्या वर्षी नुसती मान अवघडली.

त्यात शेठनी गर्दीतल्या मास्तरांना डिवचलं, “काय मास्तर, बायकोला यंदाही नुसता गजराच? प्रेम असेल तर असं दिसू द्या की!”

मास्तरांच्या बायकोनं मान खाली घातली. नलिनीबाईंना ते बघवेना. त्यांनी विचारलं, “अहो, हा हार माझाच ना?”

“तुझाच! जन्मभर तुझा!”

“मग मी तो माझ्या मर्जीनं देते.” त्यांनी हार काढला आणि मास्तरांच्या बायकोच्या गळ्यात घातला.

“अगं ए! तो शोकेसचा आहे!” शेठ माइकमध्येच ओरडले.



“मग पुढच्या वर्षी शोकेसमधल्या, हार मांडायच्या मखमली पुतळीलाच घाला,” नलिनीबाई म्हणाल्या. “तिचं नि माझं काम एकच. ती निदान लाजायचं सोंग तरी करत नाही.”