घराची किल्ली कुणाकडं

“…अन् कुलपं किती?”

“तीन,” धैर्यशील म्हणाला. “आतलं लॅच, बाहेरच्या लोखंडी दारात बसवलेलं, बाहेरून न लोंबणारं एक, आणि त्याखाली तसंच दुसरं. सात लिव्हरचं.”

“बरं.” आक्का सुपातले तांदूळ निवडत होत्या. मान वर नव्हती. “आणिक?”

“दाराबाहेर भिंतीवर कॅमेरा आहे. फोनवर सगळं दिसतं. हॉलमधला दिवा टायमरवर ठेवलाय. सातला लागतो, दहाला बंद होतो. चोराला वाटावं, घरात माणसं आहेत.”

“हुशार हैस.”

“बाहेर दोन जोड चपलाही ठेवल्यात. जुन्या. एक माझा, एक हिचा.”

माझा जोड जुना नव्हता. लग्नातला होता.

“आणि मुख्य म्हणजे,” धैर्यशीलने आवाज जरा खाली आणला, “आम्ही जाणार हे कुणाला सांगितलंच नाही. शेजारी नाही, पेपरवाला नाही. कुण्णाला नाही.”

आक्कांनी एक खडा बोटाने बाजूला सारला.

“एवढं सगळं बांधून आलास… मग आज निघालास कशापायी?”

धैर्यशीलने हातातल्या बॅगेकडे बघितलं.

मठ धरणाच्या पलीकडच्या काठावर आहे. आक्का तो चाळीस वर्षं सांभाळतात. भगवं लुगडं, कपाळाला भस्म, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. लोक लांबून प्रश्न घेऊन येतात. आक्का बहुतेकांना आधी भाजी निवडायला बसवतात. काहींचा प्रश्न मेथीच्या दुसऱ्या जुडीपर्यंत विसरलेला असतो.

आम्ही प्रश्न घेऊन आलो नव्हतो. फिरायला आलो होतो. लग्नानंतरची आमची ही पहिली सहल.

तशी ती तिसरी होती. महाबळेश्वरचं बुकिंग धैर्यशीलने रद्द केलं, कारण जोडून सुट्ट्या आल्या की घरफोड्या वाढतात, असं त्याने पेपरात वाचलं होतं. गोव्याचं रद्द केलं, कारण आमच्या मागच्या गल्लीत कुणाची तरी सायकल गेली. शेवटी आडदिवशी, आडगावी, चार दिवसांसाठी आम्ही इथे आलो. पुढे पाणी, मागे जंगल. मला वाटलं होतं, आता तरी तो माझ्याकडे बघेल.

तो फोनकडे बघत होता. मठामागे एक खडक आहे, तिथेच रेंज येते. तो त्या खडकावर बसून आमच्या सांगलीच्या फ्लॅटचं दार बघत होता. बंद दार. तासन् तास.

आज तिसऱ्या सकाळी त्याला दारावर काहीतरी दिसलं.

दुधाची पिशवी.

कुणालाच सांगायचं नाही म्हटल्यावर दूधवाल्यालाही सांगता आलं नव्हतं. कडीला अडकवलेल्या कापडी पिशवीत तो रोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या टाकून जातो. तीन सकाळी, सहा पिशव्या. दोन दिवस त्याच्या लक्षात आलं नव्हतं; आज कापडी पिशवी टम्म फुगली होती, आणि खाली चपलांवर काहीतरी पांढरं ठिबकत होतं.

माझ्या चपलांवर.

“अरे, मग दूधवाल्याला फोन कर ना,” मी म्हटलं होतं.

“म्हणजे घर बंद आहे, हे आपणच त्याला कळवायचं?”

त्याने बॅग भरली. बाराच्या लाँचने पलीकडे जायचं, तिथून एसटी, संध्याकाळपर्यंत घर. दोन दिवस अजून शिल्लक होते. आणि मला ठाऊक होतं, आज परत गेलो तर चौथी सहल होणार नाही.

आम्ही आक्कांचा निरोप घ्यायला आलो होतो. मला निघायचं नव्हतं. पण ते मला कुणी विचारलं नव्हतं.

“किल्ल्या किती?” आक्कांनी विचारलं.

“तीन जोड.” धैर्यशीलला पुन्हा जोर आला. “एक गळ्यात. एक पाकिटात. एक बॅगेत, मोज्यात गुंडाळून.”

“अन् हिच्याजवळ?”

“हिला कशाला? ती माझ्याबरोबरच असते.”

“व्हय…”

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी तांदळाकडे बघितलं.

लग्नाला चार महिने झाले. आमच्या घराची बेल मीच सगळ्यांत जास्त वाजवलेली आहे. त्याला ऑफिसातून उशीर झाला की मी समोरच्या कुरणेकाकूंकडे बसते. मी कुठे बसते, हे त्याने कधी विचारलेलं नाही.

“दिवा कोण लावतंय म्हनालास?”

“टायमर.”

“त्यो न्हवं. देवापुढचा.”

“तो… आम्ही आल्यावर.”

आक्कांनी सूप खाली ठेवलं.

“म्हंजे देव चार दिस अंधारात. आणि हॉलात रोषणाई.”

मला हसू आलं. मी ते पदरात घेतलं. पाण्यावरून लाँचचा भोंगा वाजला.

आक्का उठल्या. कोपऱ्यात डिंकाच्या लाडवांचा डबा फडक्यात बांधलेला होता, तो काखेत घेतला. पलीकडच्या गावात बारसं होतं. पुजारी निघाला, स्वयंपाकीण निघाली, झाडलोट करणारी बाई नवं लुगडं नेसून कधीच काठावर जाऊन उभी होती. अख्खा मठ बारशाला चालला होता.

आम्हीही बॅग घेऊन मागोमाग निघालो.

दारात आक्का थांबल्या. कमरेची किल्ली सोडली. वीतभर लांब, काळी, लोखंडी. ती त्यांनी धैर्यशीलच्या हातावर ठेवली.

“हे काय?”

“किल्ली.”

“ती दिसते. पण मला कशाला?”

“गाभाऱ्याची हाय. देवाचा चांदीचा मुखवटा आत पेटीत. पेटीला कुलूप न्हाई. सांजेला येते.”

“आक्का, अहो, तुम्ही मला ओळखत नाही!”

“न्हाई.”

“आणि आम्हाला याच लाँचने जायचंय!”

“मग कुनाकडं तरी ठेव अन् ये.” आक्का तोवर उतारावरून निम्म्या खाली गेल्या होत्या.

धैर्यशीलने आजूबाजूला बघितलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

मी होते.

लाँच निघाली.

बराच वेळ तो तसाच उभा होता. एका हातात बॅग, एका हातात किल्ली. मग त्याने बॅग खाली ठेवली. किल्ली नाही.

“वेड्या आहेत,” तो म्हणाला. “चांदीचा मुखवटा! आणि पेटीला कुलूप नाही!”

“हं.”

“मी घेऊन पळालो असतो तर?”

“लाँच गेली,” मी म्हटलं.

तो गाभाऱ्यापाशी जाऊन कुलूप ओढून बघून आला. परत आला. परत गेला. मग सरळ उंबऱ्यावरच बसला, किल्ली मांडीवर घेऊन. जेवायला ये म्हटलं तर म्हणाला, इथेच आण. मी पिठलं-भाकरी तिथेच नेली. एक माकड पायऱ्यांवर आलं. धैर्यशील त्याच्यावर असा ओरडला की मीच दचकले. दोन वाटसरू पाणी प्यायला थांबले. त्याने त्यांना पाणी दिलं, गाव विचारलं, नाव विचारलं, कुणाचे कोण ते विचारलं. मला जरा नवल वाटलं. आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी एकाचंही आडनाव त्याला सांगता आलं नसतं.

दुपारभर तो खडकाकडे फिरकला नाही.

ऊन उतरलं तसं त्याने झाडू घेतला, पायऱ्यांवरचा पाचोळा काढला. बाहेरच्या तुळशीला पाणी घातलं. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला तो माझ्याकडे आला.

“केतकी, वाती कुठे असतील गं? अंधार पडायला लागलाय. देवापुढे…”

त्याने दिवा लावला. मी त्याला दिवा लावताना पहिल्यांदाच बघत होते. जरा वात जास्तच वर काढली, काजळी धरली. असो.

आक्का आल्या तेव्हा तो उंबऱ्यावरून उठून उभा राहिला.

“काय गेलं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. एक माकड आलं होतं. हाकललं. दोघं जण पाणी पिऊन गेले, पलीकडच्या वाडीतले, एकाच्या मुलीचं लग्न ठरतंय. तुळशीला पाणी घातलं. मुखवटा आहे. तीनदा बघितला.”

“अन् तुझं घर?”

“काय?”

“तुझं घर रं. हाय का गेलं?”

धैर्यशीलने खिशातला फोन चाचपला. मग हात काढून घेतला.

“…बघितलं नाही.”

आक्का पायरीवर बसल्या. चपला काढल्या. तळपाय चोळू लागल्या.

“आक्का,” तो थोड्या वेळाने म्हणाला, “दोन दिवसांची ओळख. माझ्यावर एवढा विश्वास ठेवलात?”

“इश्वास कुठं ठेवला? किल्ली ठेवली.”

पाण्यावरून बारशाची वाजंत्री ऐकू येत होती, एक सनई जरा बेसूर.

मग तो माझ्याकडे वळला.

“समोर राहतात त्यांचं… काय गं नाव त्यांचं?”

“कुरणे.”

“नंबर कसा मिळेल त्यांचा?”

“माझ्याकडे आहे.”

त्याने माझ्याकडे बघितलं. चार दिवसांच्या सहलीत बघायला हवं होतं तसं, नीट.

“कधीपासून?”

“दुसऱ्या आठवड्यापासून.”

आम्ही खडकावर गेलो. आक्काही आल्या, हळूहळू, गुडघ्यावर हात ठेवत. मी फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

“अगंबाई, केतकी!” कुरणेकाकूंचा आवाज अख्ख्या धरणावर गेला. “बरी आहेस ना गं? तीन दिवस दिसली नाहीस!”

“काकू, आम्ही बाहेरगावी आलोय.”

“बाहेरगावी? आणि तो दिवा? रोज सातला लागतो, दहाला जातो. मी यांना म्हटलं, बघा, शिस्तीची पोरं आहेत.”

धैर्यशीलने खडकावरचं शेवाळ नखाने काढायला घेतलं.

“आणि दाराची पिशवी, काकू…”

“बघितली की! वास सुटलाय जिन्यात. पण म्हटलं, नवं लग्न आहे, असतील आतच… कशाला बेल वाजवा!”

आक्का तोंडावर पदर घेऊन हलत होत्या. धैर्यशीलचे कान लाल झाले होते. ते मला आवडले.

“काकू,” तोच पुढे झाला, “मी धैर्यशील बोलतोय. ती पिशवी जरा… आणि दूधवाल्याला सांगाल का, परवापर्यंत नको म्हणून?”

“अहो सांगते की! पिशवी आत्ता काढते. आणि त्या चपला धुऊन ठेवते हो, चांगल्या दिसतात. दोन दिवस म्हणताय, चार दिवस राहा. चावी असती तर देवापुढे दिवा लावला असता तुमच्या.”

“चावी…” धैर्यशील म्हणाला. “पुढच्या वेळी देऊन जाऊ.”

पुढच्या वेळी. मी ते शब्द ऐकले.

फोन ठेवल्यावर त्याने स्क्रीनवर दार उघडलं. आम्ही तिघं बघत होतो. थोड्या वेळाने समोरचं दार उघडलं, काकू आल्या, नाकाला पदर लावून पिशवी काढली. आत गेल्या, फडकं घेऊन परत आल्या, ओणव्या होऊन फरशी पुसली. जाताना आमच्या दाराकडे एकदा बघून लोखंडी दार हाताने ओढून बघितलं.

धैर्यशीलने फोन बंद केला.

मठात येऊन त्याने गाभाऱ्याची किल्ली आक्कांना परत दिली. दोन्ही हातांनी. मग बॅग उघडली, खालपर्यंत हात घातला, मोजा काढला, उलटा केला.

तीन किल्ल्या माझ्या ओंजळीत पडल्या. जड होत्या. मोज्याचा वास येत होता.

तो मात्र अजून उभाच होता. काहीतरी राहिलं होतं.

“आक्का… एक विचारू?”

“विचार.”

“समजा, असं सगळ्यांना सांगितलं. किल्ली दिली. शेजारी चांगले, सगळं चांगलं. आणि तरीही चोरी झालीच… तर?”

आक्कांनी किल्ली कमरेला खोचली. दिव्याची वात जरा मागे ओढली. काजळी थांबली.

“तर…” त्या म्हणाल्या, “रडायला सोबत हुईल.”