बाळराजांचं दुपटं

खैरगडचे बाळराजे जन्मल्यापासून जे रडायला लागले, ते थांबेनातच!

दूध पाजलं, तरी रडणं. पाळणा हलवला, तरी रडणं. राजवैद्यांनी घुटी उगाळली, दृष्ट काढवली, स्वतः खुळखुळा वाजवला, आणि शेवटी तेच रडकुंडीला आले. रडण्याचं कारण राजवाड्यातल्या प्रत्येक दासीला ठाऊक होतं, पण बोलायची छाती कुणाची? बाळराजांचं झबलं जरीचं, टोपडं जरीचं, आणि दुपटं कोऱ्या कापडाचं, खळीनं पापडासारखं कडक झालेलं! कोवळ्या अंगावर लाल चट्टे उठले होते.

आता तुम्ही म्हणाल, मग मऊ जुनेर का नाही गुंडाळलं? अहो, तान्ह्या बाळाला जुन्या लुगड्यात गुंडाळायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उदाजीराजांना कळेल तर ना! जुन्या कापडाचं त्यांना भारी वावडं. एक अंगरखा अंगात घालायचे तो एकदाच. त्या वर्षी तर त्यांनी दवंडीच पिटवली होती, "राज्यात जुनं कापड दिसता कामा नये! ठिगळ दिसलं, की हद्दपार!"

या दवंडीनं गोजराच्या पोटावर पाय आला. गोजरा गोधड्या शिवायची. जुनी लुगडी आणि धोतरंच शिपायांनी जप्त करून नेली, तर गोधडी शिवायची कशाची, ढगांची? पदर खोचून ती थेट दरबारात गेली.

"महाराज, बाळराजांना झोप येईल असं दुपटं मी आणते. ते निजले, तर दवंडी मागे घ्या."

"असं?" राजे हट्टाला पेटले. "मग ऐक! दुपटं जुन्यासारखं मऊ हवं, पण याआधी कुणाच्याही अंगाला लागलेलं नको. बारशाला आण. जमलं तर दवंडी मागे. नाही जमलं, तर हद्दपार होणारी पहिली तूच!"

राजांचे कपडे सांभाळणारे जामदार बहिरोपंत मिशीतल्या मिशीत हसले. नव्या कापडाच्या खरेदीत त्यांचेही हात ओले होत होते ना!

"चालेल," गोजरा म्हणाली आणि गेलीसुद्धा.

बारशाचा दिवस उजाडला. घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला, आणि बाळराजांनी सूर लावला. गोजरा निळसर दुपटं घेऊन आली. बारीक धावदोऱ्यानं शिवलेलं, हातात घेतलं की सायीसारखं घसरणारं. तिनं बाळाला त्यात अलगद गुंडाळलं. एक हुंदका आला, दोन उसासे आले, आणि बाळराजे चक्क घोरायला लागले! राणीसरकारांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"शाब्बास!" राजे म्हणाले. "कुठल्या मागावर विणलंस?"

"मी कुठलं विणायला, महाराज? माझ्या सासूबाईंचं लुगडं आहे हे. दहा वर्षं त्या नेसल्या, मग मी."

"काय!" राजे गरजणार, एवढ्यात राणीसरकारांनी डोळे वटारले. बाळ उठलं असतं! बिचाऱ्या राजांना कुजबुजतच ओरडावं लागलं. "अगं, जुनं कापड तर सगळं जप्त केलं होतं!"

"शिपाई आले तेव्हा मी वरून नवं नेसले होते आणि आतून हे. आतलं बघायची शिपायांची काय बिशाद!"

"पण तू हरलीस! कुणाच्याही अंगाला न लागलेलं सांगितलं होतं."

"तसं कापड असतं का हो? एक तरी दाखवा."

"हा बघ आमचा रेशमी शेला. कोरा करकरीत!"

"तो आधी किड्यानं पांघरला होता, महाराज. कोशात बसून, चांगला गुरफटून."

राजांनी शेला दोन बोटांत धरून लांब केला. "बरं, लोकर!"

"मेंढीनं वापरलेली. तीही न धुता."

"ताग!"

"झाडाची साल ती. झाडानं अंगावर वागवलेली."

"कापूस!" पंतांनी मध्येच तोंड घातलं. "कापूस कोण अंगात घालतं गं?"

"सरकी घालते की, पंत! त्यातच तर दडून बसलेली असते. आपण ओढून काढतो तिच्या अंगावरनं."

राजे मात्र हट्ट सोडीनात. "बडबड पुरे! आमच्या लेकाला वापरलेलं काही चालणार नाही. शिपाई, घेऊन जा हिला!"

तेवढ्यात राजांच्या बहीण, आक्कासाहेब, पुढे झाल्या. मुहूर्त टळत होता. त्यांनी बाळाच्या कानाशी तोंड नेलं, "कुर्रर्र..."

"थांबा, आक्कासाहेब!" गोजरा म्हणाली. "नाव काय ठेवताय?"

"हैबतराव!" उत्तर राजांनीच दिलं, छाती फुगवून. "आमच्या आबासाहेबांचं नाव! घराण्यात चौघांनी लावलंय ते!"

"चौघांनी?" गोजरानं गालावर हात ठेवला. "अगं बाई! माझं लुगडं तर दोघीच नेसल्यात!"

राजांची फुगलेली छाती हळूच खाली बसली.

"महाराज, आधी कुणालाही न लागलेलं नाव बाळराजांना द्या. मग कुणालाही न लागलेलं कापड मी आणते. लागली पैज!"

सगळ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. राजांच्या मिशा थरथरल्या, गाल फुगले, आणि हसू दाबायला त्यांनी तोच रेशमी शेला तोंडात कोंबला! डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा कुठे शेला बाहेर आला.

"हरलो, बाई! दवंडी रद्द! हे घे सोन्याचं कडं. आजपासून राजवाड्याच्या गोधड्या तूच शिवायच्या. आणि पंत, आमचे सगळे अंगरखे डोक्यावर घेऊन हिच्या घरी पोचवा."

"कडं घेते, पण अंगरखे आत्ता नकोत, महाराज," गोजरा म्हणाली. "एकदाच घातलेलं ते कडक कापड, त्यात माझी सुई मोडेल. आधी चार वर्षं तुम्हीच घालून मऊ करा. मग बघू!"

आता मात्र राजे असे खदाखदा हसले, की नवे हैबतराव दचकून जागे झाले. राणीसरकारांनी पाळण्याची दोरी राजांच्या हातात दिली.