चिंगीची करवंदाची चटणी

एक होती चिचुंद्री. इवलीशी. तिचं नाव चिंगी.

चिंगीपाशी होती वाटीभर चटणी. हिरव्या करवंदांची, आंबट आंबट. तेवढ्यात बोका आला. शेपटी लागली. वाटी पालथी! चटणी मातीत गेली.

चिंगी रडली, चुंई चुंई. मग तिने नवी करवंदं आणली. गेली पाट्याकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"पाटेदादा, चटणी वाट. चटणी खाईन मी."

पाटा फुगून बसला होता. काल घरात बारसं होतं. बायकांनी वरवंट्याला कुंची घातली. बाळाच्या आधी त्यालाच पाळण्यात निजवलं. पाट्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

पाटा म्हणाला, "त्याला कुंची, मला काय? आधी मला कुंची, मग तुला चटणी."

चिंगी गेली सुईकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"सुईताई, कुंची शीव. कुंची पाट्याला. पाटा वाटेल चटणी. चटणी खाईन मी."

सुईने नाक मुरडलं. दोरा कसा लाल लाल! आणि तिच्या अंगावर गंज.

सुई म्हणाली, "त्याला रंग, मला काय? आधी मला तेल, मग तुला कुंची."

चिंगी गेली तेलाच्या बुधलीकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"बुधलीताई, तेल दे. तेल सुईला. सुई शिवेल कुंची. कुंची पाट्याला. पाटा वाटेल चटणी. चटणी खाईन मी."

बुधली रुसली होती. दह्याचं गाडगं वर शिंक्यात झुलत होतं. ही बिचारी खाली, मुंग्यांच्यात.

बुधली म्हणाली, "त्याला झोका, मला काय? आधी मला शिंकं, मग तुला तेल."

चिंगी गेली दोरीकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"दोरीताई, शिंकं हो. शिंकं बुधलीला. बुधली देईल तेल. तेल सुईला. सुई शिवेल कुंची. कुंची पाट्याला. पाटा वाटेल चटणी. चटणी खाईन मी."

दोरी खुंटीवर जळफळत होती. पाळण्याच्या दोरीला फुलंच फुलं. हिला एक पाकळीसुद्धा नाही.

दोरी म्हणाली, "तिला फुलं, मला काय? आधी मला फूल, मग तुला शिंकं."

चिंगी दमली. तरी गेली पाळण्याकडे, तुरु... तुरु... तुरु...

पाळण्यात बाळ होतं. बाळाच्या मुठीत झेंडूचं फूल.

"बाळा बाळा, फूल दे. फूल दोरीला. दोरी होईल शिंकं. शिंकं बुधलीला. बुधली देईल तेल. तेल सुईला. सुई शिवेल कुंची. कुंची पाट्याला. पाटा वाटेल चटणी. चटणी खाईन मी."

आता बाळ काय मागणार? चिंगीला धाकधूक झाली.

बाळाने काहीच मागितलं नाही. बाळ हसलं. मूठ उघडली. फूल पडलं, टुप!

फूल दिलं दोरीला. दोरी झाली शिंकं. शिंक्यात बसली बुधली, झुलुक झुलुक. बुधलीने दिलं तेल, टप टप. सुई झाली लखलखीत. सुईने शिवली कुंची, सुळुक सुळुक. पाट्याने कुंची घातली, मिरवून घेतलं, मग काढून बाजूला ठेवली.

वरवंटा आला. घरड घरड, घरड घरड. मीठ घातलं, मिरची घातली. चटणी झाली!

चिंगीने ती भाकरीला फासली. जाड जाड. आता खाणार, तोच वरवंटा फुगला.

"पाट्याची कुंची नवी. माझी जुनी. मला काय?"

चिंगी म्हणाली, "आधी मला चटणी. मग तुझं ऐकते."

आणि खाल्ली की तिने, मचमच मचमच, बोटं चाटून!